बेडक्यात जंतू, रक्तात साक्ष

आमवाताने सांधे धरलेल्या रुग्णाला नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडेनासा झाला, की डॉक्टर ‘बायोलॉजिक’ नावाच्या महागड्या इंजेक्शनांकडे वळतात. त्यांतल्या दोन औषधांनी क्षयरोगाच्या अभ्यासकांना एक प्रयोग फुकटात करून दिला. माणसांवर असा प्रयोग मुद्दाम करायला कुणी परवानगी दिली नसती.

पहिलं औषध इन्फ्लिक्सिमॅब. शरीरात दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा रेणू ते निकामी करतं आणि सांधे मोकळे होतात. पण २००१ साली हे औषध घेतल्यावर क्षय झालेल्या ७० रुग्णांची माहिती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरला होता. छातीत वर्षानुवर्षं गप्प पडलेले जंतू टीएनएफ हटताच जागे झाले होते. आज मुंबई-पुण्यातला जाणता डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी झाल्याशिवाय हे इंजेक्शन देत नाही.

दुसरं औषध रिटुक्सिमॅब. बी पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाची एक खूण असते. हे औषध तिला जाऊन चिकटतं आणि रक्तातल्या बी पेशी जवळजवळ पुसून टाकतं. बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रतिपिंडं म्हणजे कोरोनाने घराघरांत पोचवलेल्या अँटीबॉडी. रिटुक्सिमॅबचे रुग्ण महिनोन्महिने बी पेशींविना राहतात. त्यांच्यात क्षयाने तसं डोकं वर काढलेलं दिसलं नाही.

यावरून कुणीही म्हणेल, क्षयाशी झुंजताना बी पेशींना काही काम नाही. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं कित्येक दशकं हेच सांगत आली: टीबी हा टी पेशींचा मामला. पण या युक्तिवादाला एक भोक आहे. प्रतिपिंडं प्रत्यक्ष ओतण्याचं काम करतात त्या प्लाझ्मा पेशी. बी पेशी पक्व होऊन त्या तयार होतात आणि तयार होताना सीडी-२० ची खूण टाकून देतात. रिटुक्सिमॅबच्या दृष्टीने त्या अदृश्यच. हाडांच्या मज्जेत ठाण मांडून त्या प्रतिपिंडं सोडत राहतात. रुग्णाच्या रक्तातून बी पेशी गेल्या, तरी जुनी प्रतिपिंडं बरीचशी जागच्या जागी राहिली.

दुसरा नेहमीचा दाखलाही असाच अर्धा आहे. १९५२ साली ऑग्डन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाचं वर्णन केलं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडंच नव्हती आणि तो पुन्हा पुन्हा न्यूमोनियाच्या जंतूंनी आजारी पडत होता. या आनुवंशिक विकाराच्या मुलांत बी पेशी जवळपास नसतात. न्यूमोनिया, कानाचे संसर्ग त्यांना छळतात. क्षय मात्र विशेष नाही. पुरावा जोरदार वाटतो. पण या मुलांची जी माहिती गोळा झाली ती मुख्यतः क्षय तुरळक असलेल्या श्रीमंत देशांतून. शिवाय त्यांना जगवलं जातं ते हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं नियमित टोचून. क्षयाने आजारी केलेल्या उंदरांना अशीच माणसांची प्रतिपिंडं टोचली तेव्हा त्यांच्यातले जंतू घटल्याचं २००५ च्या सुमारास दिसलं आहे. म्हणजे ज्यांना प्रतिपिंडांशिवायची मुलं समजून साक्षीला उभं केलं, त्यांच्या अंगात दुसऱ्यांची प्रतिपिंडं होतीच.

*

प्रतिपिंडांवरच्या विश्वासाची सुरुवात रॉबर्ट कॉखच्या वर्तुळात झाली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू जाहीर केला. (रुग्णासमोर टीबी म्हणायचं टाळून आपले डॉक्टर केसपेपरवर ‘कॉक्स’ लिहितात, ते याच्याच नावाने.) १८९० मध्ये कॉखच्या हाताखालच्या एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं, की धनुर्वाताचं विष पचवलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात, म्हणजे सीरममध्ये, ते विष मारणारं काहीतरी असतं आणि ते दुसऱ्या प्राण्याला टोचून वाचवता येतं. मग घटसर्पाने घुसमटणारी मुलं घोड्याच्या सीरमने वाचू लागली. १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगला मिळालं ते यासाठी.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. नाग-घोणस चावल्यावर ज्या इंजेक्शनासाठी धावपळ होते, ते घोड्यांच्याच रक्तातून निघतं आणि हाफकिनने त्यासाठी पिंपरीत घोडे पाळले. पूनावालांच्या स्टड फार्ममधले निवृत्त घोडे हाफकिनला जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोट्यवधींच्या लसी विकणाऱ्या कंपनीच्या नावात अजून घोड्याचं सीरम आहे.

घटसर्पाला चाललं ते क्षयाला का चालू नये? १८९५ मध्ये जेनोआच्या एदोआर्दो मारालियानोने क्षयाचं सीरम काढलं. १९०३ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर मार्मोरेकने आपलं सीरम पुढे आणलं. पुढची काही वर्षं युरोपातली वैद्यकीय नियतकालिकं या सीरमांच्या बाजूने आणि विरोधात भरून वाहत होती. एकाचा रुग्ण तापातून उठला, दुसऱ्याचा महिन्याभरात गेला. क्षय हा रोगच मुळात चढ-उतारांचा. डोंगरावरची हवा, विश्रांती, दूध-अंडी यांनीही रुग्णाचं वजन वाढे. सीरम न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना करायची शिस्त तेव्हा आली नव्हती, त्यामुळे वाद कधी निकाली निघालाच नाही. लोक कंटाळले आणि सीरम मागे पडलं. हरणं आणि निकाल न लागणं यांत फरक आहे. इतिहासाने तो ठेवला नाही.

सीरमच्या या माघारीवर शिक्कामोर्तब केलं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या मेरिल चेस यांनी. क्षयाच्या जंतूंचा अर्क कातडीत टोचला की आधी संसर्ग झालेल्या माणसाच्या हातावर गांधी उठते. आपली मॉन्टू टेस्ट ती हीच. ही गांधी उठवण्याची क्षमता एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे नेता येते का, हे चेस पाहत होते. सीरम देऊन ती गेली नाही, पांढऱ्या पेशी दिल्यावर गेली. वर्ष १९४५. क्षयाची प्रतिकारशक्ती पेशींत असते, द्रवात नाही, असं सूत्र तयार झालं. पुढे एड्सने त्यावर रक्ताने सही केली: सीडी-४ टी पेशी घटल्या की क्षयाचा धोका झपाट्याने वाढतो, हे आफ्रिकेने आणि आपल्या शहरांनीही पाहिलं.

टी पेशी अत्यावश्यक आहेत, यात आज कुणाला शंका नाही. घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. टी पेशी लागतात, म्हणून बी पेशी लागत नाहीत, हे तर्कशास्त्राच्या कोणत्याच पुस्तकात बसत नाही. तरी वैद्यकात ते पन्नास वर्षं बसलं होतं.

बी पेशींचा शोधही बिचारा आडबाजूनेच लागला. ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक कोंबड्यांच्या शेपटाजवळच्या ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ या पिशवीचं काम शोधत होता. पिशवी कापलेल्या काही कोंबड्या टिमोथी चांग या सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडं कशी बनतात ते दाखवायला नेल्या आणि प्रात्यक्षिक फसलं. त्या कोंबड्यांत प्रतिपिंडं बनलीच नाहीत. ‘सायन्स’ने लेख परत पाठवला. १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला आणि प्रतिकारशास्त्रज्ञांच्या नजरेस यायला काही वर्षं गेली. १९६५ च्या सुमारास मिनेसोटाच्या मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी थायमसमधल्या पेशी आणि बर्सामधल्या पेशी असे दोन वंश वेगळे काढले. टी आणि बी ही आद्याक्षरं तिथली.

*

क्षयाच्या जंतूपुढे प्रतिपिंडं हतबल का मानली गेली, याचं कारण मात्र पक्कं होतं. घटसर्पाचं विष रक्तात, उघड्यावर फिरतं. प्रतिपिंड त्याला गाठू शकतं. क्षयाचा जंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या वायुकोशात पोचतो आणि तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळल्यावर पेशीच्या आतल्या पिशवीत पाचकरस सोडले जातात आणि एरवी जंतूचा निकाल लागतो. हा जंतू त्या पिशवीशी पाचकरसांच्या पिशव्यांचा संयोगच होऊ देत नाही. मेणचट कवच पांघरून, दिवसाला जेमतेम एकदा दुभंगत, तो आपल्याच शत्रूच्या पोटात नांदतो. प्रतिपिंडं पेशीच्या आत शिरत नाहीत. मग त्यांनी करायचं काय?

हा संयोग रोखण्याचा प्रकार १९७१ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत जे. ए. आर्मस्ट्राँग आणि फिलिप डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. हे डार्सी हार्ट म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ ची प्रसिद्ध नियंत्रित चाचणी घडवणाऱ्यांपैकी एक. ज्या शिस्तीअभावी सीरमचा वाद लोंबकळला, ती शिस्त क्षयाच्या उपचारांत आणणारा माणूस. १९०० साली जन्मले आणि १०६ वर्षं जगले. १९७५ मध्ये याच दोघांनी जंतूंना आधी सशाच्या प्रतिपिंडांत भिजवलं आणि मग भक्षक पेशींना खाऊ घातलं. या वेळी पाचकरसांच्या पिशव्या येऊन मिळाल्या. प्रतिपिंड पेशीत शिरलं नव्हतं, जंतूच्या पाठीवर बसून आत गेलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण संयोग होऊनही बरेच जंतू जिवंत राहिले. त्यामुळे प्रयोगाचा अर्थ दोन्हीकडून लावता येत होता आणि काळ टी पेशींचा असल्याने तो एकाच बाजूने लावला गेला.

१९९० च्या दशकात जन्मतःच बी पेशी नसलेले उंदीर हाताशी आले आणि वाटलं, आता सोक्षमोक्ष लागेल. लागला नाही. १९९६ च्या एका अभ्यासात अशा उंदरांच्या अवयवांत जंतू जास्त सापडले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला फरक दिसला नाही. जंतूंची मात्रा, ती शिरेतून दिली की श्वासातून, जंतूचा वाण कोणता, उंदीर किती दिवसांनी तपासला, यांतलं काहीही बदललं की उत्तर बदलत होतं. चित्र थोडं स्थिरावलं ते न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या जॉन चॅन यांच्या गटाच्या कामाने. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की बी पेशी नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत जंतू तर वाढतातच, शिवाय दाह भडकतो. २०१३ मध्ये कारण आणखी पुढे नेलं: बी पेशी नसताना न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात नको इतकी गर्दी करतात.

हा मुद्दा मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा वाटतो. क्षयाने माणूस मरतो तो निव्वळ जंतूंच्या संख्येने नव्हे. फुप्फुसात पोकळ्या पाडतो, रक्त ओकायला लावतो तो शरीराचा स्वतःचा दाह. त्यामुळे या रोगात जंतू मारणारी पेशी जितकी महत्त्वाची, तितकीच हाणामारी आवरणारी. बी पेशी प्रतिपिंडं बनवते, पण तेवढंच करत नाही. जंतूचे तुकडे ती टी पेशींपुढे मांडते आणि दाह वाढवणारे-घटवणारे संदेश-रेणूही सोडते. ‘प्रतिपिंडांचा उपयोग आहे का’ एवढाच प्रश्न विचारत बसल्याने तिची बाकीची कामं नोंदवलीच गेली नाहीत.

*

ही कामं कुठे चालतात हे पाहायला फुप्फुसातच उतरावं लागतं. जंतूभोवती शरीर पेशींची एक गाठ बांधतं. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मध्ये मेलेल्या पेशींचा पनीरसारखा लगदा, त्याभोवती भक्षक पेशी, त्याबाहेर टी पेशी. २००४ मध्ये बर्लिनच्या एका गटाने क्षयरुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेली फुप्फुसं तपासली, तेव्हा या गाठींच्या कडेला बी पेशींचे घट्ट पुंजके दिसले, लसिकाग्रंथीत असतात तसे. म्हणजे फुप्फुसाने लढाईच्या जागीच छोट्या ग्रंथी उभारल्या होत्या. शबाना खादर यांच्या गटाने २०१३ पासून दाखवत नेलं, की असे पुंजके व्यवस्थित बनले की संसर्ग आटोक्यात राहतो. २०२३ च्या त्यांच्या कामात तर जंतू ओळखणाऱ्या बी पेशीच मदतनीस टी पेशींना त्या पुंजक्यांत योग्य जागी घेऊन जाताना दिसल्या. टी पेशींना जागेवर आणण्यात बी पेशींचा हात असेल, तर ‘टी पेशींचा मामला’ या वाक्याला काय अर्थ उरला?

उंदराचा क्षय माणसासारखा नसतो, ही जुनी तक्रार. म्हणून पिट्सबर्गच्या जोअॅन फ्लिन यांच्या प्रयोगशाळेने माकडांकडे मोर्चा वळवला. त्यांच्या फुप्फुसांत माणसासारख्याच गाठी बनतात. २०१६ मध्ये त्यांनी माकडांना रिटुक्सिमॅब देऊन बी पेशी काढून टाकल्या. माकडांच्या एकूण आजारात लक्षणीय फरक पडला नाही. आमवाताच्या रुग्णांत दिसलं तेच. पण त्यांनी एकेक गाठ वेगळी काढून तपासली आणि तिथे फरक होता: बी पेशी नसलेल्या माकडांच्या गाठींत जंतू जास्त निघाले, टी पेशींचे संदेश-रेणू बदललेले निघाले. एकाच माकडाच्या छातीत एक गाठ जंतू साफ करते आणि शेजारची त्यांना पोसते. माकड बरं आहे की आजारी, एवढंच मोजलं तर हे दिसणारच नाही. रिटुक्सिमॅबच्या रुग्णांबद्दलचा तो सरळ निष्कर्ष असाच वरवरच्या मोजणीचा होता.

बी पेशींच्या भक्तांनी मात्र लगेच आरती ओवाळू नये. २०२२ मध्ये याच गटाने गाठींतल्या पेशी एक एक करून वाचल्या, तेव्हा जंतूंनी भरलेल्या गाठींत प्लाझ्मा पेशी अधिक सापडल्या. प्रतिपिंडांचे कारखाने जोरात आणि जंतूही जोरात. त्याआधी, २०१६ मध्ये, युरोपातल्या एका गटाला क्षयरुग्णांच्या रक्तातल्या बी पेशीच नीट काम करत नसलेल्या आढळल्या होत्या. औषधांचा कोर्स पूर्ण होऊन रुग्ण बरा झाला की त्याही पूर्ववत झाल्या. प्रतिपिंडं आहेत, भरपूर आहेत आणि तरी रोग आहे, असं होऊ शकतं. मग पाहायला हवं ते प्रतिपिंडांच्या प्रतीकडे.

*

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात जंतूला धरतात, खालची शेपटी भक्षक पेशीला सांगते की पकडलेल्या मालाचं काय करायचं. या शेपटीवर साखरेच्या रेणूंची छोटी साखळी असते. साखळीत एखादी साखर कमी-अधिक झाली, की शेपटी वेगळ्या ग्राहकाला जुळते आणि भक्षक पेशीला मिळणारा हुकूमच बदलतो.

२०१६ मध्ये बोस्टनच्या रेगन इन्स्टिट्यूटमधल्या लेनेट लू, गलित ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या माणसांची प्रतिपिंडं शेजारी ठेवली: जंतू अंगात असून निरोगी असलेले आणि प्रत्यक्ष क्षयाने आजारी. दोघांची प्रतिपिंडं जंतूला धरत होती. फरक शेपटीवरच्या साखरेत होता. निरोगी माणसांची प्रतिपिंडं भक्षक पेशींना दिल्यावर पाचकरसांच्या पिशव्या जंतूच्या पिशवीला येऊन मिळाल्या आणि पेशीच्या आतले जंतू घटले. मिल हिलमध्ये एकेचाळीस वर्षांपूर्वी अर्धवट दिसलेली गोष्ट माणसांच्या प्रतिपिंडांत पुन्हा दिसली. या वेळी कोणती प्रतिपिंडं हे करतात आणि कोणती नाही, हेही.

पुढच्या वर्षी बीजिंगच्या रुग्णालयांतल्या, रोज क्षयरुग्णांत वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांची प्रतिपिंडं उंदरांना दिली गेली. थोड्याच जणांच्या प्रतिपिंडांनी उंदरांना संरक्षण दिलं, तेही बेताचं, पण दिलं. आणि २०१९ मध्ये आली युगांडाची माणसं. कंपालातल्या या लोकांच्या घरात क्षयरुग्ण होता, एकाच छताखाली खोकला झेलत त्यांनी दिवस काढले होते, तरी वर्षानुवर्षं त्यांची मॉन्टू आणि रक्ताची टी पेशींवर आधारलेली तपासणी नकारात्मकच येत राहिली. संसर्ग झालाच नाही असं धरलेल्या या लोकांच्या रक्तात क्षयाच्या जंतूविरुद्ध नीट घडलेली प्रतिपिंडं होती. जंतू येऊन गेला होता. त्याची नोंद टी पेशींच्या नेहमीच्या तपासणीत नव्हती, बी पेशींच्या वहीत होती.

*

आता कुणालाही वाटेल, रक्तात प्रतिपिंडं असतातच, तर त्यांवरून रोग का ओळखू नये? हा विचार भारतात फार आधी आला आणि त्याचा बाजार झाला. २०१० च्या आसपास देशात दरवर्षी अंदाजे १५ लाख लोकांच्या रक्ताची क्षयासाठी अँटीबॉडी चाचणी होत होती आणि त्यावर जवळपास दीड कोटी डॉलर खर्च होत होते. बेडक्याच्या तपासणीला लागतात काही रुपये आणि एक चिकाटीचा तंत्रज्ञ. रक्ताच्या चाचणीला हजाराच्या घरातलं बिल आणि छापील, रुबाबदार रिपोर्ट. बेडका द्यायची लोकांना किळस, रक्त द्यायची नाही. रुग्ण पाठवणाऱ्याचा हिस्सा बिलावर ठरत असेल, तर कोणती चाचणी लिहिली जाईल हे सांगायला नको. कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्राला समजावून द्यावा लागत नाही.

रिपोर्टवर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’, म्हणजे प्रतिपिंड सापडलं, असं आलं, की सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. अनेकांना क्षय नव्हताच. उलट काहींचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ते खोकत, घरच्यांना जंतू वाटत फिरत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यासांचा आढावा घेतला आणि जुलै २०११ मध्ये या चाचण्या वापरूच नका असं सांगितलं. एखाद्या क्षय-चाचणीविरुद्ध तिने इतकं थेट बजावण्याची ही पहिलीच वेळ. संघटनेने आणखी एक गोष्ट नोंदवली: बहुतेक किट युरोप-अमेरिकेत बनत होती आणि तिथल्या कोणत्याही नियामकाने त्यांना मान्यता दिलेली नव्हती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन, विक्री आणि वापर, सगळ्यावर बंदी घातली.

चाचणी का फसली, हे वरच्या संशोधनातून आता नीट कळतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांत क्षयाच्या जंतूचा संसर्ग आढळला. त्यांतले बहुतेक कधीच आजारी पडणार नाहीत. बीसीजी बहुतेकांनी टोचलेली, माती-पाण्यात या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर. अशा देशात क्षयाच्या जंतूला धरणारं प्रतिपिंड रक्तात सापडणं ही बातमीच नव्हे. ती साक्ष कालची, दहा वर्षांपूर्वीची की आजची, हे किट सांगू शकत नाही, कारण ते फक्त प्रतिपिंडाचे हात तपासतं. रोगी आणि निरोगी यांच्यातला फरक शेपटीवर आहे. ज्यांनी प्रतिपिंडं क्षयात कुचकामी मानली आणि ज्यांनी त्यांच्यावर किट विकली, दोघांनीही प्रतिपिंड आहे की नाही, एवढंच पाहिलं.

बाजाराने शिकवलेला धडा महाग होता. पर्याय मात्र आपल्या जवळच निघाला. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र बेडक्यात जंतूचा डीएनएच शोधतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आणि आज ते तालुक्याच्या रुग्णालयांतही दिसतं.

*

बी पेशींच्या या पुनर्वसनाची खरी कसोटी लस. आपली बीसीजी १९२१ पासूनची. लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयापासून वाचवते का, हे पाहायला १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला अडीच लाखांहून अधिक लोकांवर चाचणी सुरू झाली. जगातली ती सर्वांत मोठी. उत्तर आलं: नाही.

त्यानंतरच्या लसी टी पेशींवर डोळा ठेवून बनल्या. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली एमव्हीए-८५ए दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ २,७९७ बाळांना टोचून पाहिली. टी पेशी वाढल्या, क्षय कमी झाला नाही. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा क्षेत्रावर अवकळा पसरली होती. तीन वर्षांनी त्याच बाळांच्या साठवलेल्या रक्ताचा हिशोब झाला: लसीतल्या प्रथिनाविरुद्ध ज्यांच्यात प्रतिपिंडं जास्त होती त्यांना क्षयाचा धोका कमी आणि उत्तेजित सीडी-४ टी पेशी जास्त असलेल्यांना उलट अधिक. कार्यकारण यातून सिद्ध होत नाही. पण ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती ते आकड्यांत उभं होतं.

२०२० मध्ये रॉबर्ट सेडर आणि जोअॅन फ्लिन यांच्या गटांनी माकडांना बीसीजी कातडीत न देता थेट शिरेत दिली. दहापैकी नऊ माकडं वाचली. क्षयाच्या संशोधनात असा आकडा कुणी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रतिपिंडांचं विश्लेषण आलं आणि संरक्षणाशी जुळणारी ठळक खूण निघाली आयजीएम हे प्रतिपिंड. संसर्गात सर्वांत आधी येणारं, म्हणून सर्वांत कच्चं समजलं जाणारं. नंतरच्या प्रयोगांत टी पेशी काढून घेतल्या तेव्हा हे संरक्षण ढासळलं, तेव्हा टी पेशींचं सिंहासन कुणी हिसकावलेलं नाही. त्या एकट्याने राज्य करत नव्हत्या, इतकंच.

सध्या सर्वांच्या नजरा एम-७२ या लसीवर आहेत. केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संसर्ग झालेल्या प्रौढांत तीन वर्षांच्या पाहणीत तिने क्षय जवळपास निम्म्याने रोखला. २०२४ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकांना घेऊन तिची अंतिम टप्प्याची चाचणी सुरू झाली. ही लस टी पेशीही वाढवते आणि प्रतिपिंडंही. या वेळी दोन्हींची मोजणी पहिल्या दिवसापासून व्हावी, बाळांच्या त्या चाचणीसारखी निकाल लागल्यावर फ्रीझर उघडून नव्हे.

२०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि त्यांतला दर चौथा रुग्ण भारतात होता. बी पेशींच्या संशोधनातून लस किंवा औषध निघायला वेळ आहे. क्षयाचं निदान आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात आजच मोफत मिळतात. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर सकाळचा बेडका डबीत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि ट्रूनॅट किंवा तशीच जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट चाचणी मागा. आणि रक्त काढून टीबीच्या अँटीबॉडी बघू, असं कुणी म्हणालं, तर त्या चाचणीवर या देशात बंदी आहे, हे त्यांना सांगा.